तू माझ्या ध्यानात आहेस : लहानसहान गोष्टींतून नातं कसं घडतं

जागतिक आरोग्य संघटनेने जून 2025 मध्ये एकटेपणावर एक अहवाल प्रसिद्ध केला. जगातल्या दर 6 माणसांपैकी एकाला एकटेपणा छळतो आणि त्याच्याशी निगडित मृत्यू वर्षाला सुमारे 8 लाख 71 हजार, म्हणजे तासाला 100 च्या आसपास होतात, असा त्यातला अंदाज. हे वाचून डोळ्यांसमोर बंद खोलीत राहणारा एकटा माणूस येतो. पण या अहवालाने एकटं असणं आणि एकटं वाटणं या दोन गोष्टी वेगळ्या मानल्या आहेत. भोवती माणसंच नसणं हे पहिलं. दुसऱ्यात माणसं असतात, पण हवी तशी जवळीक नसते. भरल्या घरात, वीस वर्षांच्या संसारात, दिवसभर वाजणाऱ्या फोनच्या सोबतीतही हे दुसरं दुखणं जडू शकतं.

यावर काय करावं असं विचारलं की एक ठरलेलं उत्तर मिळतं: एकमेकांसाठी छोट्या छोट्या गोष्टी करा. उत्तर चुकीचं नाही, पण ते इतक्या वेळा ऐकलेलं असतं की त्यामागचं कारण कुणी विचारत नाही. कुणी पाण्याचा ग्लास पुढे केला तर नातं घट्ट का व्हावं? पाणी तर आपलं आपण उठूनही घेतलं असतं. मग ग्लासाबरोबर असं काय आलं, ज्याने दोन माणसं जवळ आली?

मानसशास्त्रात गेली चार-पाच दशकं या प्रश्नावर बरंच काम झालं आहे. ते वाचताना मला एक गोष्ट पुन्हा पुन्हा जाणवते. ग्लासाबरोबर एक निरोप येतो: तू माझ्या ध्यानात आहेस. नातं या निरोपावर उभं राहतं. आणि कुठलाही निरोप पोहोचायला धाडणारा लागतो तसा घेणाराही लागतो.

## आधी लक्ष, मग देणं

अमेरिकेतले मानसशास्त्रज्ञ जॉन गॉटमन यांनी 1990 च्या सुमारास वॉशिंग्टन विद्यापीठात एका फ्लॅटसारखी प्रयोगशाळा थाटली. नवविवाहित जोडपी तिथे येऊन राहायची, घरी वावरतात तशी वावरायची आणि कॅमेरे ते टिपायचे. चित्रीकरण बारकाईने पाहताना गॉटमन यांचं लक्ष एका अगदी साध्या गोष्टीकडे गेलं. माणसं दिवसभर एकमेकांना साद घालत असतात. साद म्हणजे दुसऱ्याने आपल्याकडे लक्ष द्यावं म्हणून केलेली कुठलीही हालचाल. मग तो प्रश्न असेल, विनोद असेल, खांद्यावर ठेवलेला हात असेल किंवा नुसता सुस्कारा.

समजा, खिडकीपाशी उभी असलेली बायको म्हणाली, "ढग बघ कसले भरून आलेत." नवरा फोनमध्ये आहे. तो मान वर करून म्हणू शकतो, "अरे, खरंच की." तो ऐकूनही न ऐकल्यासारखं करू शकतो. किंवा वैतागून म्हणू शकतो, "दिसत नाही का, कामात आहे?" ढगांशी तसं दोघांनाही देणंघेणं नाही. "माझ्याबरोबर हे बघतोस का?" एवढंच तिला विचारायचं होतं.

सहा वर्षांनी या जोडप्यांची पुन्हा विचारपूस झाली. गॉटमन यांच्या आकडेवारीनुसार, ज्यांचं लग्न टिकलं होतं त्यांनी प्रयोगशाळेत एकमेकांच्या सादेला 86 टक्के वेळा प्रतिसाद दिला होता. ज्यांचा घटस्फोट झाला होता त्यांनी 33 टक्के वेळा. या आकड्यांवरून घाईने निष्कर्ष काढू नये. मान वर केल्यामुळे लग्न टिकलं, की मुळात नातं बरं होतं म्हणून मान वर झाली, हे नुसत्या टक्क्यांवरून सांगता येत नाही. त्या मुद्द्याकडे मी पुढे येणार आहे. तूर्तास लक्षात घ्यायचं ते इतकंच की द्यायच्या गोष्टींत सगळ्यात लहान, बिनखर्चाची आणि सगळ्यात जास्त वेळा मागितली जाणारी गोष्ट म्हणजे आपलं लक्ष.

## किंमत की जाण?

लक्ष असलं की काय द्यायचं ते आपोआप कळतं, आणि नसलं की महागातली भेटही कोरडी राहते. याचं एक उदाहरण जरा जवळून पाहू.

वडिलांना बारीक अक्षर दिसेनासं झालं आहे. ते कुणाला सांगत नाहीत. फोन हातभर लांब धरतात, भुवया वर ताणतात, क्षणभर थांबतात आणि "नंतर बघतो" म्हणून फोन पालथा ठेवतात. मुलीच्या हे नजरेत आलं. एकदा ते आंघोळीला गेलेले असताना तिने फोनमधली अक्षरं मोठी करून ठेवली, उजेड वाढवला आणि फोन होता तसा पालथा ठेवून दिला. दोन मिनिटांचं काम. याच मुलीने वाढदिवसाला नवा कोरा महागडा फोन आणला असता, तर चार पाहुण्यांत कौतुक झालं असतं आणि वडिलांनी तोही हातभर लांब धरला असता.

सारा अल्गो आणि सहकाऱ्यांनी 2008 मध्ये याच धर्तीचा एक अभ्यास प्रसिद्ध केला. अमेरिकेतल्या विद्यापीठांमध्ये विद्यार्थिनींचे गट असतात. तिथे नव्याने आलेल्या मुलीला जुनी सदस्य आठवडाभर नाव न सांगता भेटी देते. संशोधकांनी नव्या मुलींना प्रत्येक भेटीबद्दल विचारलं. भेट विचारपूर्वक दिली आहे, देणारीला आपल्या आवडीनिवडीची जाण आहे असं जिथे वाटलं, तिथे कृतज्ञताही जास्त होती. आणि त्या आठवड्यात वाटलेल्या कृतज्ञतेचा धागा महिन्याभरानंतरच्या मैत्रीपर्यंत पोहोचला होता.

हॅरी रीस यांच्यासारखे अभ्यासक तर असं मानतात की हा माणूस मला समजून घेतो, माझी कदर करतो आणि माझी काळजी करतो, ही भावनाच जवळच्या नात्याचा कणा असते. फोनमधल्या मोठ्या अक्षरांत या तिन्ही गोष्टी होत्या.

## वर्षातून एकदा मोठं काही केलं तर?

करावं, जरूर करावं. पण त्याने रोजची तूट भरून निघत नाही.

गवतातून पायवाट कशी पडते ते आठवा. एकाच जागी कितीही जोरात पाय आपटला तरी वाट होत नाही. रोज कुणीतरी त्याच वाटेने चालत गेलं की ती उमटते, आणि जाणं-येणं थांबलं की गवत पुन्हा माजतं. नात्यातला विश्वासही वारंवारतेने उमटतो. मोठ्या भेटीचा आनंद खरा असतो, पण माणसाचं मन नव्या सुखाला लवकर सरावतं. शिवाय मोठ्या प्रसंगाला काही ना काही निमित्त असतं: वाढदिवस, लग्नाचा वाढदिवस, सण. निमित्ताने केलेली गोष्ट प्रेमापोटी झाली की रीत म्हणून, हे घेणाऱ्याला नेमकं कळत नाही. आडवारी, काही कारण नसताना केलेल्या लहानशा गोष्टीवर तसा संशय येत नाही.

शिवाय वाईटाचं वजन चांगल्यापेक्षा जास्त असतं. एक टोमणा दिवसभर मनात घोळतो, चार बरे शब्द संध्याकाळपर्यंत विसरले जातात. गॉटमन यांनी सुखी जोडप्यांची भांडणं मोजली, तेव्हा भर वादातही एका कडवट क्षणामागे साधारण पाच बरे क्षण आढळले. कुठे हलकंसं हसू, कुठे "हं, तुझं बरोबर आहे." या 5 ला 1 प्रमाणाला मंत्र समजायचं कारण नाही. पण टोमण्यामागोमाग लगेच आणलेल्या फुलांनी सगळं मिटत का नाही, याचं उत्तर त्यात सापडतं.

## हिशोब मांडला की काय बिघडतं?

हा प्रश्न मला सगळ्यात महत्त्वाचा वाटतो, कारण बरीचशी चांगली नाती इथेच अडतात.

एका मैत्रिणीने दुसरीच्या मुलाला दोन तास सांभाळलं. आई त्याला न्यायला आली आणि दारातच म्हणाली, "उद्या तुझ्या मुलीला मी सांभाळते, म्हणजे फिटलं." बोलणारीच्या मनात काही वावगं नव्हतं, कुणाच्या उपकारात राहू नये एवढीच भावना. तरी ऐकणारीला कुठेतरी टोचतं. कारण 'फिटलं' म्हणजे खातं बंद. मला तुझ्याशी काही बाकी ठेवायची नाही.

मार्गारेट क्लार्क आणि जडसन मिल्स यांनी 1979 मध्ये ही टोचणी प्रयोगातून दाखवली. त्यांच्या मते नाती दोन प्रकारची असतात. एक देवाणघेवाणीचं: दुकानदार आणि गिऱ्हाईक, दोन सहकारी. तिथे घेतलं की परत करायचं, आणि तेच शिष्टाचाराला धरून असतं. दुसरं जिव्हाळ्याचं: तिथे ज्याला गरज असेल त्याला द्यायचं आणि लगेच परतफेडीची अपेक्षा धरायची नाही. प्रयोगात काही तरुणांची एका तरुणीशी ओळख होण्याची शक्यता निर्माण केली होती. त्यांनी तिला मदत केली. तिने नुसते आभार मानले तेव्हा ती त्यांना जास्त आवडली. आभारासोबत लगोलग परतफेडही केली तेव्हा कमी आवडली. मैत्रीची शक्यता नव्हती, तिथे मात्र परतफेड करणारीच अधिक आवडली. म्हणजे परतफेड वाईट नाही. नातं कोणतं आहे त्यावर तिचा अर्थ ठरतो.

हिशोब न मांडण्याचं आणखी एक कारण आहे. तो कधी जुळतच नाही. त्याच वर्षी मायकेल रॉस आणि फिओरे सिकोली यांनी 37 जोडप्यांना घरातल्या वीस कामांबद्दल विचारलं: यात तुमचा वाटा किती? नवऱ्याचं आणि बायकोचं उत्तर एकत्र केलं की बहुतेक ठिकाणी बेरीज पूर्णाच्या वर जायची. गंमत म्हणजे भांडण सुरू करण्यासारख्या नको त्या गोष्टींतही हेच झालं. म्हणजे हा निव्वळ बढाईचा मामला नाही. स्वतः केलेलं काम घामासकट आठवतं, दुसऱ्याने केलेलं बऱ्याचदा दिसतही नाही. कचऱ्याची पिशवी खाली नेणाऱ्याला जिना आठवतो. घरात असलेल्याला फक्त रिकामी बादली दिसते, तीही दिसली तर. दोघांच्या वह्या प्रामाणिक असतात आणि दोन्ही चुकलेल्या असतात.

इथे एक गोष्ट ठामपणे सांगायला हवी. घरकामातला आपला वाटा उचलणं हा चांगुलपणा नाही, ते कर्तव्य आहे. सगळा भार एकीवर टाकून मधूनच फुलं आणणाऱ्याने लहान कृतींच्या या सगळ्या चर्चेचा आधार घेऊ नये. वाटा न्याय्य असेल तरच त्याहून जास्तीची केलेली गोष्ट प्रेमाची वाटते.

## घेणं जमतं का?

देण्याबद्दल सगळे बोलतात. घेण्याबद्दल फार थोडे. "कशाला उगीच त्रास घेतलास?", "याची काय गरज होती?" हे आपण सौजन्य म्हणून बोलतो, पण त्यामुळे समोरच्याने पाठवलेला निरोप दारातूनच परत जातो. आपल्याकडून कुणाचं काही भलं होऊ शकतं, हा आनंद आपण त्याला नाकारलेला असतो.

मघाशी बाजूला ठेवलेला मुद्दा आता घेऊ: आधी चांगली कृती की आधी चांगलं नातं? अल्गो, शेली गेबल आणि सहकाऱ्यांनी 2010 मध्ये एकत्र राहणाऱ्या जोडप्यांच्या रोजनिशांचा अभ्यास प्रसिद्ध केला. दोघांनी दोन आठवडे रोज रात्री वेगवेगळं लिहायचं: आज जोडीदाराने माझ्यासाठी काय केलं, मला काय वाटलं, नातं कसं वाटतंय. ज्या दिवशी कृतज्ञता जास्त वाटली, त्याच्या दुसऱ्या दिवशी नातं आदल्या दिवसापेक्षा जवळचं वाटत होतं. घेणाऱ्याला तर वाटतच होतं, देणाऱ्यालाही. रोजच्या नोंदींमुळे आधी काय आणि नंतर काय हे दिसतं, म्हणून हा पुरावा नुसत्या टक्क्यांपेक्षा वजनदार आहे. आणि त्यात कृती एकटी पुरेशी ठरत नाही. ती कुणीतरी मनापासून स्वीकारावी लागते.

घेण्याची आणखी एक जागा म्हणजे दुसऱ्याचा आनंद. गेबल आणि सहकाऱ्यांच्या 2004 च्या संशोधनाचा विषयच हा होता की कुणी चांगली बातमी सांगितली तर आपण काय करतो. मुलगा सांगतो, "आई, माझी संघात निवड झाली." "छान" म्हणून कामाला लागता येतं. "अभ्यासाचं काय होणार मग?" असंही म्हणता येतं. किंवा हातातलं काम ठेवून विचारता येतं, "खरंच? कुणी सांगितलं? तुला कळलं तेव्हा काय केलंस?" उत्साहाने प्रश्न विचारणारा जोडीदार ज्यांना लाभला होता, त्यांना आपलं नातं अधिक जवळचं आणि समाधानाचं वाटत होतं. दुःखात धावून जाणं आपल्याला शिकवलेलं असतं. सुखात दोन प्रश्न जास्त विचारणं कुणी शिकवत नाही, आणि सुखाचे प्रसंग तर रोज येतात.

## "मी एवढं करते, तरी समोरचा चिडतोच"

असं होतं, आणि त्याला कारण आहे. नायल बोल्जर आणि सहकाऱ्यांनी 2000 मध्ये अशा जोडप्यांच्या रोजनिशा अभ्यासल्या, ज्यांच्यापैकी एक जण वकिलीच्या अवघड परीक्षेची तयारी करत होता. जोडीदाराने आधार दिला आणि परीक्षार्थीला तो आधार म्हणून जाणवला, तेव्हा त्याची उदासी कमी होण्याऐवजी उलट वाढलेली दिसली. जोडीदाराने आधार दिल्याचं लिहिलं, पण परीक्षार्थीच्या नोंदीत त्याचा उल्लेखच नव्हता, तिथे मात्र उदासी कमी झाली होती.

ठळक मदतीत 'तुला एकट्याने झेपत नाही' असाही एक निरोप दडलेला असतो. आधीच धास्तावलेल्या माणसाला तोच आधी ऐकू येतो. म्हणून मुलीने अक्षरं गुपचूप मोठी केली हे बरं झालं. "बाबा, तुम्हाला आता दिसत नाही, द्या इकडे" म्हणून केली असती तर काम तेच झालं असतं, पण ते वडिलांना लागलं असतं. आता तुम्ही म्हणाल, घेणाऱ्याला कळलंच नाही तर निरोप पोहोचला कसा? सगळं लपवून करावं असं कुणीच म्हणत नाही. माणूस ताणाखाली असेल तेव्हा हात न दाखवता काम करावं. एरवी प्रेम दिसू द्यावं.

## "सारखं मीच का द्यायचं?"

हा आक्षेप रास्त आहे आणि तो झटकून टाकू नये. व्हिकी हेल्गेसन आणि हायडी फ्रिट्झ यांनी अशा माणसांचा अभ्यास केला जी स्वतःला पूर्ण विसरून इतरांसाठी राबतात. अशा वागण्याचा संबंध अस्वस्थतेशी आणि तब्येतीच्या हेळसांडीशी आढळला. एमिली इम्पेट यांनी 2005 च्या अभ्यासात हेतूकडे पाहिलं. जोडीदाराला बरं वाटावं म्हणून केलेल्या त्यागाच्या दिवशी माणसं समाधानी होती. भांडण टाळायला, तोंड चुकवायला केलेल्या त्यागाच्या दिवशी मन कडवट होतं आणि वादही जास्त होत होते. कृती तीच असेल, पण भीतीने केलेली कृती नातं पोखरते.

आणि जिथे मारहाण, धमक्या किंवा सततचा अपमान आहे, तिथे यातलं काहीच लागू होत नाही. लेनोर वॉकर यांनी 1979 मध्येच दाखवलं होतं की हिंसक नात्यात मारहाणीनंतर माफी, भेटी आणि गोड बोलण्याचा एक टप्पा येतो आणि नंतर पुन्हा तेच चक्र सुरू होतं. तिथली भेट चांगुलपणाची नसते. अशा नात्यात अडकलेल्या माणसाला "तू अजून थोडं प्रेमाने वाग" असा सल्ला देणं ही क्रूरता आहे. त्याला सुरक्षित जागा आणि मदतीचा हात लागतो.

## "हे ठरवून करणं नाटकी वाटत नाही का?"

सुरुवातीला अवघडल्यासारखं होतं. पण हा संकोच बहुतांशी देणाऱ्याच्याच डोक्यात असतो. अमित कुमार आणि निकोलस एप्ली यांनी शिकागोमध्ये बर्फावर स्केटिंग करायला आलेल्यांना गरम पेयाचा एक कप अनोळखी माणसाला द्यायला सांगितलं. समोरच्याला याचं किती अप्रूप वाटेल, याचा देणाऱ्यांचा अंदाज प्रत्यक्षापेक्षा बराच कमी निघाला. 2022 मध्ये प्रसिद्ध झालेल्या या प्रयोगाचं स्पष्टीकरण सोपं आहे. देणारा कपाकडे बघतो, घेणारा त्यामागच्या आपुलकीकडे. 'एवढंसं करून काय होणार' असं वाटून आपण हात आखडता घेतो, तो बहुतेक वेळा चुकीच्या अंदाजावर.

## नातं आधीच कोरडं पडलं असेल तर?

भाऊ-भाऊ वर्षभर बोललेले नाहीत, जुनी मैत्रीण फक्त शुभेच्छांपुरती उरली आहे. अशा वेळी एकदम भेट घेऊन दारात उभं राहिलं तर समोरच्याला वाटतं, याचं काहीतरी काम असणार. मला इथे उलटी सुरुवात बरी वाटते: द्यायच्या आधी मागावं, लहानसं. जॉन जेकर आणि डेव्हिड लँडी यांच्या 1969 च्या प्रयोगात एका संशोधकाने सहभागी लोकांना, त्यांनी जिंकलेले पैसे माझ्यासाठी म्हणून परत करा अशी वैयक्तिक विनंती केली. ज्यांनी त्याच्यावर हा उपकार केला त्यांना तो इतरांपेक्षा अधिक आवडला. मागणं म्हणजे 'तुझ्यावाचून माझं अडतं' हे कबूल करणं, आणि ते ऐकायला कुणालाही बरं वाटतं.

लोक नाही म्हणतील ही भीतीही वाटते तेवढी खरी नाही. फ्रान्सिस फ्लिन आणि व्हेनेसा लेक यांनी 2008 मध्ये दाखवलं की मदत मिळवण्यासाठी जितक्यांना विचारावं लागेल असं माणसांना वाटतं, त्याच्या साधारण निम्म्यांना विचारूनच काम होतं.

मागताना गरज खरी असावी, नाहीतर ते लगेच ओळखू येतं. ती त्या माणसाला जमणारी असावी, आणि तो अवघडल्याशिवाय नाही म्हणू शकेल इतकी लहान असावी. भावाला झाडांतलं कळत असेल तर कुंडीतल्या पिवळ्या पडलेल्या पानाचा फोटो पाठवून "दादा, याला काय झालं असेल?" एवढं विचारलं तरी पुरे. त्याने उत्तर दिलं तर तो सांगेल ते करावं आणि आठवड्याने त्याच झाडाचा दुसरा फोटो पाठवावा, झाड सुधारलं असेल तरी आणि नसेल तरी.